अंगातले घड्याळ

श्रोतेहो, आज मी तुमच्याशी एका घड्याळाविषयी बोलणार आहे. हे घड्याळ भिंतीवर नाही, मनगटावर नाही आणि खिशातही नाही. त्याला किल्ली द्यावी लागत नाही. ते तुमच्या अंगात आहे, आणि मी हे बोलत असताना, किंवा तुम्ही हे पुस्तिकेत वाचत असताना, ते चालूच आहे.

पुरावा हवा असेल तर तो तुमच्या घरातच मिळेल. पहाटे पाचची गाडी गाठावयाची म्हणून रात्री गजर लावून निजावे, आणि गजर होण्याच्या दोन मिनिटे आधीच डोळे उघडावेत, हा अनुभव कोणाला नाही? रोज दुपारी एकला जेवणारा माणूस कामाच्या गर्दीत घड्याळ बघायला विसरतो, पण त्याचे पोट विसरत नाही. लग्नघरी दोन रात्री जागरण झाले की तिसऱ्या दिवशी भूक लागत नाही, कोठा बिघडतो आणि डोके धरते. आपण म्हणतो, "अवेळी खाणे झाले, अवेळी झोपणे झाले." अवेळी म्हणजे काय हो? कोणाची वेळ चुकली? भिंतीवरच्या घड्याळाची तर नव्हे. ते बिचारे टिकटिक करीतच होते. चुकली ती अंगातल्या घड्याळाची वेळ.

ह्या घड्याळाची आणि माझी ओळख वैद्यक शिकताना झाली, असे मी पुष्कळ दिवस समजत होतो. खरे म्हणजे ती लहानपणीच झाली होती. माझे वडील मुंबईच्या गिरणगावात एका कापडगिरणीत साच्यावर कामाला होते. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. एक महिना पहिली पाळी, एक महिना दुसरी, आणि मग तिसरी, म्हणजे रातपाळी. आमची चाळीतली खोली एकच. तिसऱ्या पाळीच्या महिन्यात आबा सकाळी घरी येत, अंघोळ करून भाकरी खात आणि भिंतीकडे तोंड करून आडवे होत. आई आम्हा भावंडांना दप्तरांसकट गॅलरीत काढी. खाली नळावर भांडण, शेजारी रेडिओ, वर कोणाचा तरी पाळणा, आणि दर पाळीला गिरणीचा भोंगा. दोन-तीन तासांनी आबा उठून बसत. "झोप झाली का हो?" असे आईने विचारले की म्हणत, "डोळे मिटले होते. झोप कुठली!" आम्हाला वाटे, गलक्यामुळे झोप येत नाही. गलका होताच. परंतु गणपतीला गावी गेलो की तेथेही, शांत घरात, आबा रात्री दोन वाजता अंगणात बसलेले असत. गिरणी मुंबईला राहिली होती. पाळी मात्र अंगात बसून त्यांच्याबरोबर आली होती.

चाळिशी ओलांडली आणि आबांना मधुमेह निघाला. आमच्या घराण्यात तो पूर्वी कोणाला नव्हता. एका माणसावरून सिद्धांत बांधू नये हे मला ठाऊक आहे, आणि तो मी बांधणारही नाही. परंतु प्रश्न मनात राहिला तो राहिलाच. त्याचेच उत्तर आज मी तुम्हाला, जेवढे आजवर कळले आहे तेवढे, सांगणार आहे.

सुरुवात एका लाजाळूच्या झाडापासून करू. फ्रान्समध्ये द मेराँ नावाचे एक खगोलशास्त्रज्ञ होऊन गेले. लाजाळूची पाने दिवसा उघडतात आणि रात्री मिटतात हे आपण सर्वजण पाहतो. द मेराँ यांनी १७२९ साली एक साधी गोष्ट केली. त्यांनी ते झाड अंधारात नेऊन ठेवले. ऊन नाही, उजेड नाही. मग पाने मिटूनच राहावयास हवी होती. तसे झाले नाही. बाहेर दिवस झाला की अंधारातही पाने उघडत आणि रात्र झाली की मिटत. पुढे १८३२ साली द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञांनी आणखी एक बारकावा टिपला. सतत एकाच परिस्थितीत ठेवलेल्या लाजाळूचा 'दिवस' बरोबर चोवीस तासांचा नव्हता; तो २२ ते २३ तासांचा होता. म्हणजे झाड बाहेरच्या सूर्याची नक्कल करीत नव्हते. त्याच्यापाशी स्वतःचे घड्याळ होते, आणि ते थोडे पुढे धावत होते.

मग माणसाचे काय? ते पाहावयाचे तर माणसालाही अंधारात ठेवावयास हवे. १९६२ साली मिशेल सिफ्र नावाचा २३ वर्षांचा एक फ्रेंच तरुण आल्प्स पर्वतातील एका बर्फाळ गुहेत एकटा उतरला. सोबत घड्याळ नाही, सूर्यप्रकाश नाही. उठलो, जेवलो, निजतो आहे, एवढे तो दूरध्वनीवरून वरच्या मंडळींना कळवी. वेळ मात्र त्याला कोणी सांगावयाची नाही असा करार. १६ जुलैला तो आत गेला आणि १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढले, तेव्हा त्याच्या हिशेबाने ती २० ऑगस्ट होती! मनाचा हिशेब पंचवीस दिवसांनी चुकला. परंतु त्याच्या निजण्या-उठण्याच्या नोंदी पाहिल्या तेव्हा कळले की शरीराचा हिशेब जवळजवळ बिनचूक होता. सुमारे साडेचोवीस तासांचा एक दिवस, ह्या बेताने त्याचे अंग चालले होते. मन फसले, अंग फसले नाही. आपल्या देशातही मदुराईच्या कामराज विद्यापीठात प्राध्यापक चंद्रशेखरन यांनी गुहेतल्या वटवाघळांवर असे अभ्यास केले, आणि माणसांना दिवस-रात्र कळू न देता ठेवण्याची खास जागाही तेथे उभी केली. आता अधिक काटेकोर प्रयोगांवरून असे दिसते की माणसाच्या घड्याळाचा एक फेरा चोवीस तासांहून सरासरीने दहा-बारा मिनिटे जास्त असतो. ही दहा-बारा मिनिटे लक्षात ठेवा. पुढे आपल्याला त्यांचे काम पडणार आहे.

हे घड्याळ आहे तरी कोठे? दोन्ही डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जुड्या जेथे एकमेकींना ओलांडतात, त्या चौकाच्या लगेच वर पेशींचे दोन लहानसे पुंजके आहेत. दोन्हींत मिळून साधारण वीस हजार पेशी. आकार म्हणाल तर तांदळाच्या दाण्याहूनही लहान. १९७२ साली दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांत असे आढळले की उंदरांचे हे पुंजके काढून टाकले की त्यांच्या दिवस-रात्रीचा सगळा मेळ नाहीसा होतो. १९९० साली तर याहून चमत्कारिक प्रयोग झाला. हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्यात एक जात अशी निघाली होती की तिचा दिवस वीस तासांचाच असे. तिच्या मेंदूतील हा पुंजका काढून दुसऱ्या हॅमस्टरच्या मेंदूत बसविला, तर त्याचाही दिवस वीस तासांचा झाला. एखाद्या घड्याळाचे यंत्र काढून दुसऱ्या घड्याळात बसवावे, तसेच हे.

यंत्र म्हटले की चक्रे आली. ही चक्रे पेशीच्या आत, आनुवंशिक गुण वाहणाऱ्या जनुकांत आहेत. एक जनुक एका प्रथिनाचे उत्पादन सुरू करतो. प्रथिन साठत जाते, साठता साठता पेशीच्या केंद्रात परत येते आणि स्वतःच्याच जनुकाचा नळ बंद करते. नळ बंद झाला की हळूहळू प्रथिन संपते; संपले की नळ पुन्हा उघडतो. टाकी भरली की तरंगती चकती वर येऊन नळ बंद करते आणि पाणी उतरले की सोडते, तोच प्रकार. ह्या भरण्या-उतरण्याला सुमारे चोवीस तास लागतात. १९७१ साली फळमाशीत ह्या जनुकाचा माग लागला, १९८४ साली तो हाती आला, आणि हे कोडे सोडविणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. माशीत जी युक्ती आहे तीच, थोड्याफार फरकाने, तुमच्या-माझ्यात आहे.

आता खरी मौज ऐका. हे घड्याळ एकटे नाही. यकृतात घड्याळ आहे, स्वादुपिंडात आहे, आतड्यात, हृदयात, स्नायूंत आणि चरबीतही आहे. मेंदूतले घड्याळ हे मुख्य. बाकीची त्याच्याकडे पाहून वेळ लावून घेतात. परंतु मुख्य घड्याळाला वेळ सांगतो तो प्रकाश. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचे मुख्य काम चित्र पाहणे हे नव्हेच. उजेड किती आहे एवढे मोजून त्या मुख्य घड्याळाला कळवितात. निळसर प्रकाश त्यांना विशेष जाणवतो. ज्यांना दोन्ही डोळ्यांनी उजेडाची तिरीपही जाणवत नाही अशा पुष्कळ अंधांची झोप म्हणूनच रोज थोडी थोडी पुढे सरकत जाते. यकृताचे घड्याळ मात्र उजेडाइतकेच, किंबहुना अधिक, जेवणाच्या वेळेवर चालते. उंदीर हा रात्री खाणारा प्राणी. त्याला फक्त दिवसाच अन्न दिले तर काही दिवसांत त्याच्या यकृताचे घड्याळ उलटे होते, पण मेंदूतले जागच्या जागीच राहते. एकाच देहात दोन वेळा!

मुंबईच्या जुन्या मंडळींना ह्यात नवल वाटू नये. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईत 'मुंबई टाइम' जिवंत होता, आणि तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. एका घड्याळात सहा वाजले तर दुसऱ्यात पाच वाजून एकवीस मिनिटे! भेट ठरविताना "कुठल्या टाइमाने?" असे विचारावे लागे. शहराचे एवढ्याने फार बिघडले नाही. देहात मात्र मेंदू म्हणतो रात्र आहे आणि यकृत म्हणते दिवस आहे, अशी तफावत पडली की त्याचा हिशेब रक्तात दिसू लागतो.

कसा, ते पाहू. अंतःस्रावी ग्रंथींचे रस, ज्यांना आपण संप्रेरके किंवा हार्मोन म्हणतो, ते दिवसभर सारखे वाहत नाहीत. प्रत्येकाची पाळी ठरलेली आहे. झोपेच्या शेवटच्या प्रहरात मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून कॉर्टिसोल वाढू लागते. ते साखर रक्तात आणते, रक्तदाब सावरते, अंगाला उठण्यासाठी तयार करते. जागे होण्याच्या सुमारास ते सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी असते. गजरापूर्वी डोळे उघडतात त्यामागे ही पूर्वतयारी असते. संध्याकाळ झाली, नेहमीच्या झोपेला साधारण दोन तास उरले, की मेंदूतील पिनिअल ग्रंथीतून मेलॅटोनिन पाझरू लागते. १९५८ साली अमेरिकेत लर्नर यांनी ते प्रथम वेगळे केले. ते झोपेचे औषध नव्हे. 'रात्र झाली हो' अशी सर्व अवयवांना दिलेली ती दवंडी आहे. आणि डोळ्यांवर प्रखर उजेड पडला की ही दवंडी थांबते. पहिल्या गाढ झोपेत वाढीचे संप्रेरक येते. मुलाला वाढविण्याचे आणि मोठ्यांत झीज भरून काढण्याचे काम ते करते. भूक आवरणारे लेप्टिन रात्री वर असते, म्हणून दिवसा चार तासांत भुकेने कासावीस होणारा माणूस रात्री आठ तास उपाशी सुखाने झोपतो. झोपेत रक्तदाब दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो, अंगाचे तापमान उतरते. पहाटे दम्याचा जोर का वाढतो, हृदयविकाराचे झटके सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात अधिक का येतात, याचाही धागा ह्याच वेळापत्रकाशी जाऊन पोचतो.

मधुमेहाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. एकच जेवण, तितकाच भात, तितकीच भाकरी, सकाळी खाल्ली तर रक्तातली साखर जेवढी चढते, त्याहून रात्री खाल्ली तर अधिक चढते. रात्री स्वादुपिंड इन्शुलिन सोडण्यात मंद असते, आणि मेलॅटोनिनही त्याला आवर घालते. दुकान बंद करण्याच्या वेळी गिऱ्हाईक आले तर दुकानदार माल देतो खरा, पण हळूहळू देतो, तसेच हे.

२००९ साली अमेरिकेत दहा माणसांना प्रयोगशाळेत ठेवून त्यांचा दिवस कृत्रिमरीत्या २८ तासांचा केला गेला. त्यामुळे काही दिवसांनी अशी वेळ आली की अंगातली रात्र असताना ते जागे होते आणि जेवत होते, आणि अंगातला दिवस असताना निजत होते. रातपाळीच ती! ह्या उलट्या काळात त्यांची साखर वाढली, इन्शुलिन वाढूनही वाढली, रक्तदाब चढला, लेप्टिन घटले. ज्यांची पुरती मोजणी होऊ शकली अशा आठांपैकी तिघांची जेवणानंतरची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाइतकी झाली. हे लोक आजारी नव्हते. त्यांना झाले होते ते एवढेच की त्यांची वेळ चुकली होती. हा निबंध मी वाचला त्या रात्री मला आबांची खोलीतली पाठ आठवली. वर्षे आठवडाभराची नव्हेत, पंचवीस!

काही दिवसांपुरता असा उलटा क्रम सोसता येतो. वर्षानुवर्षे रातपाळी करणाऱ्यांमध्ये मात्र मधुमेह, लठ्ठपणा आणि हृदयविकार अधिक आढळतात, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांतून दिसून आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ साली अशा पाळीकामाला 'कर्करोगास बहुधा कारण होणारे' या वर्गात घातले आणि २०१९ साली पुन्हा तपासून तो निर्णय कायम ठेवला. 'बहुधा' हा शब्द तोलून वापरलेला आहे. रातपाळी करणाऱ्या प्रत्येकाला रोग होतोच असे नव्हे. परंतु 'सवय झाली की काही होत नाही', हे जे आपण इतकी वर्षे म्हणत आलो, ते खरे नाही. बहुसंख्यांच्या मेंदूतले घड्याळ रातपाळीला कधीच पुरते वळत नाही, कारण कामावरून घरी परतताना सकाळचे ऊन त्याला रोज सांगत असते की हा दिवस आहे.

आता एक गोष्ट सांगतो. ती माझ्या चुकीची आहे.

आमच्या भागात साखर कारखाने आहेत. गळिताच्या हंगामात ते चोवीस तास चालतात. अशाच एका कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ, पन्नाशीचे, माझ्याकडे मधुमेहासाठी येत. मी त्यांना साखर उतरविणारी एक गोळी लिहून दिली आणि चिठ्ठीवर नेहमीप्रमाणे लिहिले, 'सकाळी न्याहारीपूर्वी एक'. आठवड्याने त्यांच्या पत्नी धावत दवाखान्यात आल्या. "डॉक्टर, चला लवकर, हे उठंनात!" मी गेलो. माणूस घामाने निथळत होता, शुद्ध हरपत चालली होती. साखर अगदी खाली गेलेली. शिरेतून ग्लुकोज दिले, तेव्हा काही वेळाने त्यांनी डोळे उघडले.

मी जरा रागानेच म्हणालो, "अहो, गोळी घेतल्यावर खायला नको का?"

ते म्हणाले, "डाक्टरसाहेब, तुमीच लिवलंय की, सकाळी न्याहारीच्या आदी. रातपाळी करून उजाडता घरी आलो. गोळी घेतली नि पडलो. आमची न्याहारी रातपाळीत दुपारी दोनला असती. पर गोळी सकाळची, म्हून सकाळी घेतली."

श्रोतेहो, त्यांचे काय चुकले? त्यांनी माझी चिठ्ठी अक्षरशः पाळली होती. मी त्यांचे वय विचारले होते, वजन विचारले होते, घराण्यात कोणाला मधुमेह आहे का तेही विचारले होते. पाळी कोणती, हे विचारले नव्हते. आणि मी कोण? तर तिसऱ्या पाळीच्या कामगाराचा मुलगा! ज्याच्या आईने त्याला दप्तरासकट गॅलरीत काढले होते, तो मी. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक नोंदवहीत नावाखाली पहिली ओळ आहे ती अशी: काम कोणते, आणि कोणत्या वेळी?

हा प्रश्न केवळ कारखान्यांपुरता नाही. परिचारिका, एस.टी.चे चालक, पोलीस, पाव भाजणारे, परदेशी कचेऱ्यांच्या वेळेप्रमाणे रात्री काम करणारी पुण्या-मुंबईची तरुण मंडळी, हे सारे त्यात आले. आणि आपला शेतकरी? महाराष्ट्रात अनेक भागांत शेतीपंपांची वीज वर्षानुवर्षे पाळीपाळीने मिळत आली; काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मग ऐन थंडीत मध्यरात्री उठून उसाला पाणी पाजावयास जावयाचे. साप-विंचवाचे भय आपल्याला दिसते आणि ते खरेही आहे. न दिसणारे भय हे की एका आठवड्यात त्याचे घड्याळ एकदा मोडते आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा मोडते. आता सौर वाहिन्यांमुळे काही गावांत दिवसा वीज मिळू लागली आहे. 'दिवसा वीज' ही मागणी लोक सोयीची म्हणून मांडतात. मी वैद्य म्हणून म्हणतो, ती आरोग्याचीही मागणी आहे.

मग करावयाचे काय? जे आपल्या हाती आहे ते आधी सांगतो.

ज्यांना रातपाळी नाही त्यांनी सकाळी उठल्यावर थोडा वेळ उघड्यावर यावे. घरातला दिवा आपल्याला लख्ख वाटतो, परंतु ढगाळ दिवसाचा बाहेरचा उजेडदेखील त्याच्या कितीतरी पट असतो. सकाळचा हा उजेड म्हणजे घड्याळाला रोज दिलेली किल्ली. ती जास्तीची दहा-बारा मिनिटे तोच भरून काढतो. रात्री ह्याच्या उलट. जेवणानंतर दिवे मंद असावेत, आणि अंथरुणात मोबाइलचा पडदा डोळ्यांसमोर धरून पडू नये. जेवण शक्य तर रोज त्याच त्या वेळी, आणि रात्रीचे लवकर व हलके. वाग्भटाने अष्टांगहृदयात 'दिनचर्या' असा स्वतंत्र अध्याय लिहिला. आतली चक्रे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, परंतु वेळेला मान द्यावा हे त्याने ओळखले होते.

ज्यांना रातपाळी चुकत नाही त्यांच्यासाठी थोडे वेगळे. मुख्य जेवण कामावर जाण्यापूर्वी, संध्याकाळीच करावे. मध्यरात्रीनंतर पोटभर जेवू नये. लागलेच तर थोडे काही हलके घ्यावे. हा नुसता उपदेश नव्हे. २०२१ साली १९ तरुणांवर झालेल्या एका प्रयोगात, रातपाळीसारख्या क्रमात ज्यांनी रात्री जेवण घेतले त्यांची साखर वाढली, आणि ज्यांनी रात्री जागूनही जेवण फक्त दिवसाच्या वेळी घेतले त्यांची वाढली नाही. यकृताच्या घड्याळाला त्याची वेळ मिळाली, एवढाच फरक. मधुमेही माणसाने मात्र गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना आपल्या मनाने उपास धरू नये. आधी डॉक्टरांना विचारावे. कामावर निघण्यापूर्वी तासभर डोळा लागला तर फार चांगले. पाळीच्या उत्तरार्धात चहा-कॉफी टाळावी, नाहीतर तीच घरी येऊन झोप मोडते. दिवसा निजावयाची खोली अंधारी करावी. जाड पडदा नसेल तर खिडकीवर एखादी घोंगडी टांगली तरी चालते. आणि झोप अनावर झाली असेल तर दुचाकीवर बसू नये. सहकाऱ्याबरोबर किंवा बसने यावे.

औषधांविषयी एक शब्द. कोलेस्टेरॉल बनविण्याचे यकृताचे काम रात्री जोर धरते, म्हणून त्यावरच्या काही गोळ्या रात्री देतात. ह्यावरून कोणी असे समजू नये की प्रत्येक गोळीला मुहूर्त असतो. रक्तदाबाची गोळी रात्रीच घ्यावी असा मध्यंतरी बोलबाला झाला होता. २०२२ साली ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत दिसले की सकाळी घ्या की रात्री, हृदयाच्या आणि मेंदूच्या झटक्यांत फरक पडत नाही. रोज न चुकता घेणे महत्त्वाचे. तेव्हा स्वतः वेळा बदलू नका. एवढेच करा, डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगा, "साहेब, माझी रातपाळी असते." ते सांगावयाचे राहिले की काय होते, ते तुम्ही आताच ऐकले.

जे व्यवस्थापक आणि मुकादम हे ऐकत असतील त्यांनाही विनंती आहे. पाळ्या बदलावयाच्या तर सकाळ, दुपार, रात्र ह्या क्रमाने बदला, उलट नको. आपले घड्याळ चोवीस तासांहून थोडे लांब आहे, म्हणून त्याला उशिरा निजणे जमते, लवकर निजणे जड जाते. आणि एक पाळी संपवून दुसरीवर येणाऱ्या माणसाला मध्ये पुरती विश्रांती द्या. ह्याला पैसा फारसा लागत नाही, विचार लागतो.

शेवटी घरच्या मंडळींना. १९८२ च्या संपानंतर आबांची गिरणी पुन्हा उघडली नाही. आबा गावी आले, मधुमेह सांभाळीत आणखी बरीच वर्षे राहिले. रात्री दोनला उठून बसण्याची त्यांची खोड हळूहळू कमी झाली, पण पुरती कधीच गेली नाही. एकदा मी त्यांना ह्या घड्याळाची सगळी हकीकत समजावून सांगितली. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे मी आळशी नव्हतो तर." मला काही उमगेना. तेव्हा त्यांनी सांगितले की दिवसा लोळत पडलेला माणूस म्हणून चाळीतली पोरे त्यांना हसत, आणि स्वतःलाही त्यांना त्याची लाज वाटे.

तुमच्या घरात, शेजारात कोणी रातपाळी करून दिवसा निजलेले असेल, तर त्यांच्या दाराशी आवाज कमी करा. दुपारची झोप काढणारा तो माणूस सुखवस्तू नव्हे. त्याची ती रात्र आहे. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले असतील. त्याच्या रात्रीला मान द्या.